मोहावी वाळवंटातल्या विझलेल्या ज्वालामुखींवर: दोन दिवसांच्या पायी भटकंतीची पूर्ण तयारी

सह्याद्रीत चालायची सवय असलेल्या माणसाला मोहावी वाळवंटातला काळा दगड लगेच ओळखीचा वाटतो, आणि तिथेच त्याची फसगत होते. दगड तोच आहे, बेसॉल्ट. पण आपल्याकडे गडावर पाण्याचं टाकं असतं, पायथ्याच्या वाडीत विहीर असते, वाटेत कुणीतरी ताक किंवा लिंबू सरबत घेऊन बसलेलं असतं. मोहावीत त्याच दगडावर मैलोन् मैल पाण्याचा थेंब नाही, आणि सावलीही नाही. नकाशावर 'जाऊन-येऊन तीन मैल' असं दिसलं की राजगड-तोरणा करणारी मंडळी निर्धास्त होतात. इथला बेत अंतरावरून किंवा चढावरून आखायचा नसतो. तो पाण्यावरून आणि सूर्यावरून आखायचा असतो. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, लास व्हेगास या भागांत राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे.

आधी जागा ओळखून घ्या

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागात, लॉस एंजेलिस आणि लास व्हेगास यांच्या मधोमध, लागून असलेले दोन मोठे संरक्षित प्रदेश आहेत. उत्तरेकडचा 'मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह'. आय-१५ आणि आय-४० या दोन महामार्गांच्या मध्ये पसरलेला हा सुमारे ६,२०० चौरस किलोमीटरचा भाग १९९४ मध्ये संरक्षित झाला आणि तो नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. त्याच्या दक्षिणेला २०१६ मध्ये जाहीर झालेलं 'मोहावी ट्रेल्स नॅशनल मॉन्युमेंट' आहे, ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतं. दोन्हीकडे प्रवेश शुल्क नाही, दिवसभराच्या चालण्यासाठी परवानाही लागत नाही. आणि म्हणूनच तुम्ही आत गेलात की बाहेर आलात, हे तपासणारं फाटकावर कुणी नसतं.

या दोन दिवसांत तीन प्रकारची ज्वालामुखी भूमी बघायची आहे. मॉन्युमेंटमधलं अँबॉय विवर, प्रिझर्व्हमधले सिंडर कोन म्हणजे लाव्ह्याच्या खंगराचे शंकू, आणि 'होल-इन-द-वॉल' इथले राखेच्या दगडाचे कडे. अँबॉय आणि सिंडर कोन या दोन्ही जागांना १९७३ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रात ज्वालामुखीचा दगड पावलोपावली आहे, पण ज्वालामुखीचा सुबक शंकूसारखा डोंगर कुठे दिसत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडचा लाव्हा लांबच लांब भेगांमधून वाहत बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे ही त्या थरांचीच कड. मोहावीत लाव्हा थोडा होता, वायू भरपूर होता. एका तोंडातून वितळलेल्या दगडाचे तुकडे हवेत उडाले, उडता उडता गोठले आणि तोंडाभोवती पडत राहिले. खळ्यावर धान्याची रास जशी एका ठरावीक उतारावर आपोआप थांबते, तसा हा ढीगही तीसेक अंशांच्या उतारावर थांबतो. सिंडर कोन तो हाच. असा शंकू साधारणपणे एकदाच, थोड्या काळात घडतो आणि मग कायमचा विझतो. पुढचा उद्रेक झालाच तर दुसऱ्या जागी नवा शंकू उभा राहतो. प्रिझर्व्हमध्ये असे तीसपेक्षा जास्त शंकू आहेत. त्यांतले सगळ्यांत जुने सुमारे ७६ लाख वर्षांपूर्वीचे, तर सगळ्यांत ताजा लाव्हा साधारण १० हजार वर्षांपूर्वीचा मानतात. अँबॉयच्या वयाबद्दल अभ्यासकांचे अंदाज १० हजारांपासून ८० हजार वर्षांपर्यंत आहेत.

पायरी पहिली: महिना ठरवा

नोव्हेंबर ते मार्च. बाकीचे महिने या चालीसाठी विसरा. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पहाटे निघून सकाळीच परतणं जमू शकतं, पण तेव्हाही अंदाज बघूनच. मे ते सप्टेंबर अँबॉयच्या परिसरात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणं नेहमीचं असतं, आणि काळा दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. उन्हाळ्यात या विवरावर चालायला गेलेल्या लोकांचे जीव गेले आहेत.

मराठी घरांत एक गोष्ट हमखास होते. भारतातून आई-बाबा येतात ते बहुधा उन्हाळ्यात, आणि त्यांना 'काहीतरी वेगळं' दाखवायची घाई असते. कृपा करून जून-जुलैत त्यांना अँबॉयच्या वाटेवर नेऊ नका. 'आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाची सवय आहे' हे म्हणणं इथे लागू पडत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, तो फुटता फुटता उडून जातो. शरीरातलं पाणी किती गेलं हे कळायच्या आत चक्कर येते. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना सकाळी लवकर केलबेकर रोडने गाडीतून फिरवा. काळे लाव्हा प्रवाह आणि शंकू रस्त्यावरूनही छान दिसतात.

हिवाळ्याचे दोन काच लक्षात ठेवा. एक म्हणजे दिवस लहान असतो. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुसरं, रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, विशेषतः उंचावरच्या कॅम्पवर. वसंतात वारा फार सुटतो आणि तंबू उडतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये अचानक वळिवासारखा पाऊस कोसळून कोरडे ओढे काही मिनिटांत भरून वाहतात, तेही त्या महिन्यांत न जाण्याचं एक कारण.

पायरी दुसरी: पाण्याचा हिशेब कागदावर करा

माणशी दिवसाला ४ लिटर हे किमान माप. चार जण, दोन दिवस म्हणजे ३२ लिटर. त्यावर गाडी अडकलीच तर म्हणून आणखी १० ते १२ लिटर. इतकं पाणी घरूनच गाडीत भरा. होल-इन-द-वॉलच्या कॅम्पवर नळ आहे, पण त्याच्या भरवशावर बेत करू नका, निघण्यापूर्वी चालू आहे का ते विचारून घ्या. अँबॉयच्या पार्किंगमध्ये स्वच्छतागृह आणि सावलीची बाकं आहेत, पाणी नाही.

मोठा एकच कॅन नेण्यापेक्षा दोन-तीन वेगळे कॅन न्या, म्हणजे एक फुटला तरी निभावेल. चालताना हिवाळ्यातही प्रत्येकाच्या पाठीवर किमान दोन-तीन लिटर हवं, आणि ते प्रत्येकाच्याच पाठीवर हवं. एकाकडे सगळ्यांचं पाणी ठेवलं आणि तो पुढे निघून गेला, असं घडतं. परतीचा नियमही पाण्यावरूनच ठरवा: निम्मं पाणी संपलं की आहात तिथून मागे फिरायचं, मग शिखर कितीही जवळ दिसो.

नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होतं. ओआरएसची पाकिटं ठेवा, नाहीतर कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर घालून एक बाटली वेगळी भरा. खाण्यात आपल्याकडच्या गोष्टी इथे फार कामाला येतात. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, त्यांच्यासोबत शेंगदाण्याची चटणी. गूळपोळी, चिक्की, खारे दाणे, भाजक्या पोह्यांचा चिवडा. तहानलाडू-भूकलाडू बांधून देणाऱ्या आज्या याच तत्त्वाने चालत: न नासणारं, हातात धरून खाता येणारं आणि गोड-खारट दोन्ही. चॉकलेट नेऊ नका, वितळतं.

पायरी तिसरी: गाडी, पेट्रोल आणि नकाशा

प्रिझर्व्हच्या आत पेट्रोल पंप नाही. उत्तरेकडे बेकर आणि दक्षिणेकडे लडलो ही दोन ठिकाणं धरून चाला; आत शिरण्यापूर्वी टाकी पूर्ण भरा, अर्धी असेल तरीही. अँबॉय गावात रूट ६६ या जुन्या महामार्गावरचं 'रॉईज' हे १९३८ सालचं पेट्रोल पंपाचं जुनं ठिकाण आहे, त्याची उंच पाटी तुम्ही फोटोंत पाहिली असेल. तिथे मिळालं तर उत्तम, पण त्यावर अवलंबून राहू नका.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि शिवाय कागदी नकाशा ठेवा. फोनवरचं ॲप 'जवळचा रस्ता' म्हणून एखाद्या जुन्या खाणीच्या वाळूच्या पायवाटेवर घालायला कमी करत नाही. डांबरी सोडून वळायला सांगितलं तर आधी कागदी नकाशात बघा. जुन्या रूट ६६ वरचे लाकडी पूल पुराने खचतात आणि काही टप्पे दीर्घकाळ बंद राहतात, म्हणून आदल्या दिवशी रस्त्यांची स्थिती तपासा. केल्सो डेपो ही १९२४ सालची रेल्वे स्थानकाची देखणी इमारत प्रिझर्व्हचं मुख्य माहिती केंद्र आहे. ते उघडं आहे का, हेही तेव्हाच बघून घ्या.

बेकर ते केल्सो आणि तिथून दक्षिणेला आय-४० पर्यंत जाणारा केलबेकर रोड डांबरी आहे. होल-इन-द-वॉललाही आय-४० वरून एसेक्स रोड आणि ब्लॅक कॅन्यन रोडने डांबरीवरून जाता येतं. लाव्हा नळीकडे (आतला लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेला बोगदा, तो दुसऱ्या दिवशी बघायचा आहे) जाणारा एकेन माईन रोड मात्र कच्चा, वाळूचा आणि दगडांचा. त्यासाठी जमिनीपासून उंच गाडी हवी. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीला विम्याचं संरक्षण नसतं. सुटं चाक खरोखर आहे का, त्यात हवा आहे का, जॅक आहे का, हे घरीच उघडून बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सुटं चाकच नसतं.

निघण्यापूर्वी घरच्या किंवा मित्रांपैकी एकाला लिहून द्या: कुठली वाट, कुठे मुक्काम, किती वाजता रेंजमध्ये येणार, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून मदत मागायची. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण किंवा तशी सोय असलेला फोन असेल तर सोनंच.

पायरी चौथी: अंगावर आणि पाठीवर

ताजा लाव्हा कानशीसारखा असतो. आपल्याकडचा बेसॉल्ट पावसाने आणि पावलांनी गुळगुळीत झालाय, हा नाही. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. शंकूच्या उतारावर खंगराचे बारीक तुकडे बुटात शिरतात, म्हणून गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पायाला बांधायची कापडी पट्टी, असतील तर लावा. लाव्ह्यावर हात टेकावे लागतात, म्हणून साधे बागकामाचे हातमोजे ठेवा. अंगभर, सैल, फिकट रंगाचे कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल. मानेवर पंचा टाकला तर ऊनही लागत नाही आणि वेळेला ओला करून डोक्यावर घेता येतो.

पिशवीत एक फणी टाका. 'चोया' नावाच्या निवडुंगाचे गुच्छ नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटतात, हाताने काढायला गेलात तर हातात घुसतात. फणीचे दात काट्यांच्या गुच्छाखाली घालून एका झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने. याशिवाय शिट्टी, आरसा, प्रथमोपचार, आणि लाव्हा नळीसाठी प्रत्येकी एक हेडलॅम्प व एक जादा टॉर्च.

पहिला दिवस: अँबॉय विवर

लॉस एंजेलिसकडून येत असाल तर आदली रात्र बार्स्टो किंवा ट्वेंटीनाइन पाम्सला काढा. बार्स्टोहून आय-४० ने लडलो, तिथून जुन्या रूट ६६ ने सुमारे २६ मैलांवर विवराचं पार्किंग. सूर्योदयाला तिथे पोचा. हे सगळ्यांत खालचं, सगळ्यांत तापणारं ठिकाण, म्हणून ते पहिल्या सकाळी उरकायचं.

पार्किंगमधून शंकू समोरच दिसतो. उंची जेमतेम २५० फूट, घेर रुंद, माथा कापलेला. सरळ त्याच्याकडे जायचा मोह होतो आणि पूर्वेच्या अंगाने वर गेलेली एक उभी पायवाटही दिसते. ती घेऊ नका. खंगर पायाखाली घसरतो, आणि प्रत्येक घसरणीने उताराला पडलेला ओरखडा इथे वर्षानुवर्षं बुजत नाही. खरी वाट लाव्हा मैदानातून वळसा घालून शंकूच्या पश्चिमेला जाते. तिथे शंकूची भिंत फुटून लाव्हा बाहेर वाहिला होता, ती खिंड म्हणजे तुमचं दार. जाऊन-येऊन साधारण तीन मैल, निवांत बघत गेलात तर अडीच-तीन तास.

मैदानातला पहिला मैल घाईने संपवू नका, माझ्या मते विवरापेक्षा तोच जास्त बोलका आहे. लाव्ह्याचा पृष्ठभाग कुठे दोरखंडासारखा पिळलेला दिसतो. वरची साय गोठत असताना खालचा रस वाहत राहिला, म्हणून ती सुरकुतली. कुठे जमीन फुगून मधोमध चिरलेली असते, आतल्या दाबाने वर उचललेली. एखादा दगड उचलून (आणि परत जागेवर ठेवून) बघा: वायूच्या बुडबुड्यांची भोकं मोकळी आहेत. पुणे-नाशिक-जळगावकडच्या दगडांत हीच भोकं पांढऱ्या, हिरवट जिओलाइट स्फटिकांनी भरलेली असतात, कारण कोट्यवधी वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं. इथे ना तेवढं वय झालंय, ना तेवढं पाणी मिळालंय. एकाच दगडाचं तारुण्य आणि म्हातारपण असं शेजारी ठेवून बघता येतं, आणि भूगर्भशास्त्र न शिकलेल्या मराठी माणसालाही ते समजतं, कारण दुसरा नमुना त्याच्या घरामागच्या टेकडीवर असतो.

दगडांच्या फटीत जाडजूड सरडा दिसला तर तो चकवाला. घाबरला की तो फटीत शिरतो आणि अंग फुगवून असा अडकून बसतो की ओढून निघत नाही. फटीत हात घालायचाच नाही, कारण तिथे रॅटलस्नेकही असू शकतो. हिवाळ्यात साप बहुधा गारठून आत असतात, पण उबदार दुपारी बाहेर येतात.

खिंडीतून आत गेलात की विवराचा तळ लागतो. बारीक फिकट माती साचलेले सपाट खोलगट भाग दिसतात, लाव्ह्याची तळी जिथे गोठली त्या जागा. लोकांनी दगड मांडून नावं लिहिलेली असतात. भर घालू नका. तिथून कडेवर चढणारी वाट उभी पण छोटी आहे. कडेवरून फिरताना वाऱ्याचा झोत अचानक येतो. मुलांना आतल्या बाजूने चालवा. वरून दक्षिणेला ब्रिस्टल हा कोरडा मिठाचा तलाव पांढरा चमकतो, आणि त्याच्या उलट काळं लाव्हा मैदान.

परतताना खरी चूक होते. खाली उतरल्यावर मैदानातल्या सगळ्या पायवाटा सारख्या दिसतात, लाव्ह्याच्या उंचवट्यांमुळे पार्किंग दिसेनासं होतं. कडेवर असतानाच पार्किंगची सावलीची छपरं कुठल्या दिशेला आहेत, त्यामागे कुठला डोंगर आहे, हे डोळ्यांत साठवा आणि फोनच्या नकाशावर खूण करा. वाट सुटली असं वाटलं तर पुढे शोधत जाऊ नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. अकराच्या आत गाडीपाशी पोचलेलं बरं.

दुपार: होल-इन-द-वॉल

अँबॉयहून आय-४० गाठा, एसेक्स रोडला उतरा, आणि सुमारे २० मैल उत्तरेला. कॅम्प ४,४०० फुटांवर आहे, अँबॉयपेक्षा कितीतरी थंड. शनिवारी दुपारपर्यंत तंबू लागलेला बरा.

इथला दगड काळा नाही, तांबूस-करडा आहे. सुमारे १ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वी प्रचंड स्फोटांत उडालेली तापलेली राख खाली बसून घट्ट झाली, त्याचा हा दगड. त्यातले वायूचे पोकळ भाग आणि कच्चे भाग वाऱ्यापावसाने पोखरत गेले, म्हणून कडे भोकाभोकांचे. दीड मैलाची 'रिंग्ज लूप' ही वाट या कड्यांना वळसा घालून बॅन्शी कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत शिरते, आणि घळीतून वर यायला दगडात ठोकलेल्या लोखंडी कड्या आहेत. दोन टप्पे. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना यात भीती वाटणार नाही, पण पाठीवरची सॅक मोकळी आणि हात रिकामे हवेत. गुडघेदुखी असलेल्यांनी कड्यांपर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावं. वाटेच्या सुरुवातीलाच दगडांवर जुनी कोरीव चित्रं आहेत. हा चेमेहुएवी आणि मोहावी या मूळ रहिवासी लोकांचा प्रदेश आहे, त्यांच्यासाठी ही जागा आजही जिवंत आहे. चित्रांना हात लावू नका. बोटांच्या तेलाने दगडाचा थर खराब होतो.

हिवाळी दुपारी तीनच्या सुमारास घळीत सावली असते, ती वेळ उत्तम. रात्री अमावास्येच्या आसपास असाल तर आकाशगंगा स्पष्ट दिसते. शेकोटी फक्त कॅम्पवर दिलेल्या लोखंडी कड्यातच. २०२० च्या ऑगस्टमध्ये वीज पडून लागलेल्या 'डोम फायर'मध्ये याच प्रिझर्व्हच्या सिमा डोम भागातली अंदाजे १३ लाख जोशुआ झाडं जळाली. ते जंगल जगातल्या सगळ्यांत दाट जोशुआ जंगलांपैकी होतं, आणि ही झाडं वर्षाला इंच-दोन इंच वाढतात. जाता जाता: सिमा डोम गोल घुमटासारखा दिसतो, म्हणून अनेक जण त्याला ज्वालामुखी समजतात. तो ग्रॅनाइटसारख्या खडकाचा झिजून झालेला घुमट आहे.

दुसरा दिवस: लाव्हा नळी आणि शंकू

सकाळी आठच्या आत निघा. आय-४० ला परत येऊन केलबेकर रोडने उत्तरेला, केल्सो डेपो ओलांडून सुमारे १५ मैलांवर उजवीकडे एकेन माईन रोड फुटतो. बेकरकडून येणाऱ्यांना तो साडेएकोणीस मैलांवर डावीकडे लागतो. पाटी असेलच असं नाही, म्हणून गाडीच्या मीटरवर लक्ष ठेवा. कच्च्या रस्त्याने साधारण साडेचार मैल गेल्यावर डावीकडे फाटा आणि गाडी लावायची जागा येते. चाकं वाळूत रुतायला लागली तर जोर लावू नका. थांबा, मागे या, आणि उरलेलं अंतर चालायचं की सोडून द्यायचं ते पाणी बघून ठरवा.

गाडीपासून रस्त्याने तीनशे यार्ड वर, मग उजवीकडे पायवाट. जमिनीत एक भोक आणि त्यातून खाली उतरणारा लोखंडी जिना दिसतो. लाव्हा प्रवाहाची बाहेरची साल गोठली, आतला रस वाहून गेला आणि ही नळी मागे राहिली. पायथ्याशी छत एकदम खाली येतं, चांगलंच वाकून पुढे सरकावं लागतं, आणि मग मोठी खोली उघडते. छताला भोकं पडलेली आहेत. साडेदहा ते दुपारच्या दरम्यान त्यांतून उन्हाचा सरळ झोत आत उतरतो, म्हणूनच निघायची घाई. झोत फोटोत स्पष्ट यावा म्हणून लोक तळावरची माती उधळतात. ते करू नका, आतली हवा सगळ्यांसाठी खराब होते आणि वटवाघळांना त्रास होतो. वटवाघळं दिसली तर आवाज न करता बाहेर या. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट इथे घालू नका, त्यांच्या तळव्यांवरून वटवाघळांना मारणारी बुरशी पसरते.

बाहेर आल्यावर आजूबाजूच्या शंकूंकडे चाला. त्यांवर आखलेल्या वाटा नाहीत. जुन्या गाडीरस्त्यांवरून शंकूंच्या पायथ्यांमधून फिरायचं. काळे शंकू आणि लाल शंकू शेजारी दिसतील. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, तोंडाजवळच्या तापलेल्या वाफेत दगड भाजला तिथला. काही शंकूंतून पूर्वी खंगर खणून नेला जात असे; खाणीच्या भागात आणि जुन्या यंत्रांजवळ जाऊ नका.

लाव्हा प्रवाहांच्या माथ्यावर एक गोष्ट निरखा. फरशी बसवल्यासारखे लहान दगड एकमेकांना चिकटून पसरलेले असतात, आणि त्यांच्याखाली मऊ फिकट माती असते. ही माती लाव्ह्याची नाही, कोरड्या तलावांवरून वाऱ्याने आणलेली. धूळ दगडांच्या फटींतून खाली जाऊन साचत गेली आणि दगड हजारो वर्षं तिच्यावर वरच राहिले. हे भूशास्त्रज्ञांना याच परिसरातल्या अभ्यासातून उलगडलं. एक पाऊल चुकीचं पडलं तर ही फरशी मोडते आणि खालची माती उघडी होऊन उडते. मोहावीत १९४२ ते १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला होता, त्या साखळ्यांचे ठसे काही ठिकाणी अजून दिसतात. म्हणून वाटेवरच चाला, किंवा ओढ्याच्या वाळूतून. दगडांचे मनोरे रचू नका, खंगराचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकू नका. प्रिझर्व्हमध्ये ड्रोन उडवायला बंदी आहे.

उन्हाचा त्रास ओळखा

डोकं दुखणं, मळमळ, गार घामेजलेली कातडी, पायात गोळे: ही सुरुवात. तिथेच थांबवा, एखाद्या कड्याची सावली किंवा पंचा धरून केलेली सावली द्या, बूट सैल करा, ओआरएस घोट घोट पाजा, कपडे ओले करून वारा घाला. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून लाल झालं तर तो उष्माघात आहे आणि जीव धोक्यात आहे. तेव्हा पिण्याच्या पाण्याचा विचार न करता त्याला भिजवा, वारा घाला, काख आणि मानेपाशी ओला कपडा ठेवा आणि ९११ ला किंवा उपग्रह उपकरणावर मदत मागा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

गाडी बंद पडली किंवा रुतली तर गाडीपाशीच थांबा. शोधणाऱ्याला चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते. बॉनेट उघडं ठेवा, आरशाने झोत टाका, दुपारी गाडीच्या आत न बसता तिच्या सावलीत बसा.

निघताना

गाडी सुरू करण्यापूर्वी दर वेळी खाली वाकून चाकांपाशी बघा. वाळवंटी कासव सावलीसाठी गाडीखाली येऊन बसतं. ते तिथे असेल तर ते स्वतः हलेपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी. उचलू मात्र नका: घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि पुढच्या पावसापर्यंतचा त्याचा साठा तेवढाच असू शकतो. वाटेत हळू चालवा. बेकरला पोचून रेंज आली की पेट्रोल भरण्याच्याही आधी, ज्याला वेळ लिहून दिली होती त्याला फोन करून बाहेर आल्याचं कळवा, नाहीतर तुम्ही जेवत असताना तिकडे शोधपथक निघालेलं असेल.